भांडायला पैसे नाहीत, हे बरंच झालं

प्रिय सोनू,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, वेगळं व्हायचं ठरलंय, पण त्यालाही पैसे लागतात आणि ते दोघांकडेही नाहीत." का वेगळे होताय, हे मी विचारणार नाही. तुझे बाबा विचारतील, त्यांना मी आवरते. मी लिहितेय ते फक्त पैशांबद्दल. वकिलांच्या ऑफिसात इतकी वर्षं टायपिंग केलं, त्यातून संसार कसे टिकतात हे काही कळलं नाही. पण घटस्फोटात माणसं कंगाल कशी होतात, ते नीट कळलं.

कोर्टाच्या फीनं सहसा कुणी बुडत नाही. माणूस बुडतो तो वादानं. दोघांनी सगळं आधीच ठरवून एकत्र अर्ज केलात, तर न्यायाधीशांना तपासायला फार थोडं उरतं. पण एखादा जरी मुद्दा अडला, तरी त्याच्यासाठी अर्ज, त्याला उत्तर, पुरावे, साक्षी आणि तारखा सुरू होतात, आणि प्रत्येक तारखेला दोन वकील उभे राहतात. त्यांची फी जाते कुठून? ज्या पैशांच्या वाटणीसाठी भांडताय, त्यातूनच. एका सोफ्यावरून झालेला पत्रव्यवहार मी स्वतः टाईप केलाय. तेवढ्या पैशांत दोघांचे दोन नवे सोफे आले असते. म्हणून म्हणते, तुमच्याकडे भांडायला पैसे नाहीत, हे बरंच झालं.

वकिलाची फी कशी मोजली जाते, ते पहिल्याच भेटीत विचार. कुठे सगळ्या कामाचे ठोक पैसे ठरतात, कुठे दर तारखेला मोजावे लागतात. बऱ्याच देशांत तासावर हिशेब असतो आणि तासाचेही सहा-सहा मिनिटांचे दहा तुकडे पाडतात. तुझी दोन ओळींची ईमेल वाचली तरी एक तुकडा तुझ्या नावावर पडतो. टायपिंग-झेरॉक्स त्यात धरलंय का, काम मध्येच थांबलं तर उरलेले पैसे परत मिळतात का, हे लिहून घे. लाजू नकोस, चांगले वकील या प्रश्नांनी रागावत नाहीत. आणि मन मोकळं करायला वकिलाला फोन करू नकोस, मला कर. मी फुकट आहे.

आता तुला घरबसल्या करायचं काम. एका कागदावर तुमचं जे जे आहे ते लिही आणि दुसऱ्यावर जे देणं आहे ते. प्रत्येकापुढे नाव कुणाचं, आज किंमत किती, कागद कुठे. लग्नाचा दाखला, पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंटं, कर्जाचे करार, विम्याचे कागद, सगळं तारखेप्रमाणे लावून ठेव. ज्या कागदासाठी वकिलाच्या माणसाला तुला चार वेळा फोन करावा लागतो, त्याचे पैसे तूच भरतोस. सूनबाईलाही अशीच यादी करायला सांग आणि मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. काही लपवू नकोस. लपवलेलं खातं पुढे सापडलं, तर झालेली तडजोड पुन्हा उघडते, आणि तेव्हाचा खर्च आत्तापेक्षा कितीतरी जास्त असतो. न्यायाधीशांचा विश्वास जातो तो वेगळाच.

माणसं खरी फसतात ती कर्जात, म्हणून हे सावकाश वाच. घराच्या कर्जावर तुमच्या दोघांच्या सह्या आहेत. उद्या तडजोडीत लिहिलं की हप्ते तूच भरशील, आणि कोर्टानंही ते मान्य केलं, तरी बँक त्या कागदाला बांधील नसते. बँकेचा करार दोघांशी झालेला आहे. तू हप्ता चुकवलास तर बँक तिच्याकडे जाणार, आणि तिनं चुकवला तर तुझ्याकडे. तिच्या हातात तुझ्याविरुद्ध कोर्टात जायचा कागद असेल, पण बँकेला थोपवायला तो पुरत नाही. तेव्हा "कोण भरणार" एवढंच ठरवून थांबू नका. एकाचं नाव कर्जातून काढायला बँक तयार आहे का, ते आधी विचारा. नसेल, तर घर विकून कर्ज फेडणं हा बहुतेकदा सगळ्यांत स्वस्त मार्ग असतो. घर सोडवत नाही, हे मला कळतं. पण दोन पगारांवर चालणारा हप्ता एका पगारावर ओढायचा आणि शिवाय दुसरीकडे भाडं भरायचं, याचा हिशेब एकदा आकडे मांडून कर, मग बोलू. एकत्र क्रेडिट कार्ड असेल तर ते या आठवड्यातच बंद करा. निवृत्तीसाठी साठलेली रक्कम आज हातात येत नाही म्हणून ती यादीतून सुटते, ती लिही. विम्यावरचं आणि खात्यांवरचं वारसाचं नाव घटस्फोटानं आपोआप बदलेलच असं नाही, तेही बघ.

वकील अजिबात न करता निभेल का? वाद नसेल तर अनेक ठिकाणी निभतं, अर्जाचे नमुने कोर्टाकडेच मिळतात. तरी एका जागी मी काटकसर करू देणार नाही. तडजोडीचा मसुदा तयार झाला की सही करण्याआधी वकिलाला दाखव. फक्त वाचून सल्ला द्यायचे पैसे घेणारे वकील असतात, पूर्ण केस द्यावी लागत नाही. तिनं तिचा वकील वेगळा करावा. दोघांच्या बाजू एकच वकील सांभाळेल असं कुणी सांगितलं तर तिथून उठ. आणि "कोर्टात जायलाच नको, साध्या कागदावर सह्या करून मोकळे व्हा" म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. तसल्या कागदावर विसंबून दुसरं लग्न करून बसलेल्यांचे अर्ज मी टाईप केलेत.

बोलणं अडलं तर मध्यस्थाकडे जा. बऱ्याच कोर्टांत ही सोय फुकट किंवा अगदी कमी पैशांत असते. अर्थात जिथे मारहाण किंवा धाक असेल, तिथे समोरासमोर बसवणं योग्य नाही. तुमच्यात तसं नाही, म्हणून सुचवतेय.

फी माफीचा अर्ज करायची तुला लाज वाटते म्हणालास. ती सोड. हे दान नाही, कोर्टात झगडून मिळवलेली गोष्ट आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात सरकारी मदतीवर जगणाऱ्या काही बायकांना घटस्फोट हवा होता, पण फी आणि समन्स बजावणी मिळून लागणारे सुमारे ६० डॉलर त्यांच्याकडे नव्हते. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की लग्न मोडायचा अधिकार फक्त कोर्टाकडे असताना, पैसे नाहीत म्हणून कोर्टाचं दार बंद करता येणार नाही. आयर्लंडच्या श्रीमती एअरी नवऱ्यापासून कायदेशीर विभक्त व्हायला वकील शोधत होत्या, फी परवडत नव्हती. "स्वतःच उभ्या राहा की," असं सरकारचं म्हणणं होतं. १९७९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ते फेटाळलं, कारण जो हक्क प्रत्यक्षात वापरताच येत नाही तो कागदावर असून काय उपयोग? भारतात १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. पुरुषाला सहसा उत्पन्नाची मर्यादा लागते. तेव्हा तिलाही हे सांग. तिच्याकडे चांगला वकील असणं तुझ्या तोट्याचं नाही. ज्याला सल्ला देणारं कुणी नसतं, तोच घाबरून अडून बसतो.

तुमच्या छोट्या लेकीच्या खर्चाची रक्कम मात्र घासाघिशीत आणू नका. तो तिचा हक्क आहे. "तू घर सोड, मी पोटगी वाढवतो" असल्या सौद्यात ती बसत नाही. छोटी कुठे राहणार, सुट्ट्या कशा वाटणार, शाळेचे निर्णय कोण घेणार, हे बारकाईनं लिहा. "सोयीनं ठरवू" एवढंच लिहिलेली कलमं पुढे हमखास कोर्टात परत येताना मी पाहिलीत.

माझ्याकडे थोडे पैसे बाजूला आहेत. मसुदा वाचून घ्यायला लागतील तेवढे मी देईन, तिला लागले तर तिलाही. केस लढायला देणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. रविवारपर्यंत दोन्ही याद्या पाठव, नीट टाईप करून देते. कर्जाचं शिल्लक रकमेचं पत्र बँकेकडून लेखी घे, फोनवर सांगितलेला आकडा चालत नाही.

तुझी,
आई