जयंतीला शंभर बाटल्या नकोत, आठवड्याला आठ द्या

सप्रेम नमस्कार.

तासगाव पट्ट्यातल्या गावांमधून रक्तदान शिबिरं भरवणारं आपलं मंडळ यंदापासून मोठं शिबिर बंद करत आहे. जयंती, 15 ऑगस्ट, कुणाचा वाढदिवस आला की मांडव घालायचा, एका दिवसात शंभर-सव्वाशे बाटल्या काढायच्या आणि पेपरात फोटो द्यायचा, हे आता पुरे. त्याऐवजी बाराही महिने, दर आठवड्याला आठ रक्तदाते सांगली-मिरजेच्या रक्तपेढीत न्यायचे ठरलं आहे. रविवारी चार, गुरुवारी चार. त्यासाठी माणसं, गाड्या आणि थोडं सामान लागणार आहे. मागणी पुढे लिहिलीच आहे, पण आधी हे असं का ठरवलं ते वाचा, म्हणजे शिबिर मोडल्याचा राग राहणार नाही.

बाटली हा शब्द आता फक्त आपल्या बोलण्यात उरला आहे. काच जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या त्याला किती तरी वर्षं झाली. एका पिशवीतलं रक्त यंत्रात फिरवून त्याचे तीन भाग होतात, आणि तिघांचं आयुष्य वेगवेगळं असतं. तांबड्या पेशी 2 ते 6 अंशांच्या फ्रीजमध्ये, पिशवीतल्या द्रावणाप्रमाणे 35 किंवा 42 दिवस टिकतात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, गोठवला तर वर्षभर राहतो. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, मात्र फक्त पाच दिवस, त्याही 20 ते 24 अंशांत, सतत हलवत ठेवून. त्या फ्रीजमध्ये ठेवल्या की कामातून जातात.

आता हिशेब मांडा. 26 जानेवारीला शंभर पिशव्या निघाल्या, तर त्यातल्या प्लेटलेटची मुदत 31 तारखेला संपली. तांबड्या पेशी 42 दिवसांच्या धरल्या तरी सगळ्यांची मुदत एकाच दिवशी, 9 मार्चला, संपते. शंभरांना एकदम रक्त लागत नाही, त्यामुळे काही पिशव्या टाकाव्या लागतात. पुढे एप्रिल-मे उजाडतो, कॉलेजं बंद, ऊन मरणाचं, द्राक्षबागायतदार वेलींच्या खरड छाटणीत, आणि रक्तपेढीचा फ्रीज रिकामा. शिवाय शिबिरात रक्त दिलेल्या शंभरही जणांना तीन महिने पुन्हा देता येत नाही. गर्दीच्या दिवशी आपण पुढच्या टंचाईची सोयच करून ठेवतो म्हणायची.

रविवार-गुरुवार का, तर रविवारच्या रक्ताच्या तपासण्या होऊन प्लेटलेट सोमवारी हाताशी येतात आणि शुक्रवारपर्यंत चालतात. गुरुवारच्या शुक्रवारी येतात आणि मंगळवारपर्यंत चालतात. आठवड्यात एकही दिवस मोकळा जात नाही. चार पिशव्यांतल्या प्लेटलेटनं मोठ्या माणसाचा एक डोसही पुरता भरत नाही, त्याला पाच-सहा लागतात, हे आम्हाला माहीत आहे. पण रक्तपेढीत चार आधीच तयार असल्या तर नातेवाइकांना दोघांच्याच मागे धावावं लागतं.

रक्तपेढीतच का जायचं, याचंही कारण आहे. प्लेटलेट काढायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा-आठ तासांत पिशवी यंत्राला लागली पाहिजे, आणि तोवर ती बर्फात ठेवायची नाही. लांबच्या गावात नऊला शिबिर सुरू झालं, भाषणं-सत्कार होऊन गाडी पाचला निघाली, तर सकाळच्या पिशव्यांतल्या प्लेटलेट वाटेतच गेल्या. तासगावहून सांगली पंचवीसेक किलोमीटर. तिथे जाऊन दिलेलं रक्त शेजारच्याच खोलीत लगेच फिरवता येतं.

टंचाईचे दिवस तीन. पहिला हा उन्हाळा. दुसरा कृष्णेच्या पुराचा. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांची इशारा पातळी ओलांडून धोक्याच्या 45 फुटांकडे चाललं की रस्ते बंद होऊ लागतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते वेगळं सांगायला नको. पूर आला म्हणून बाळंतपणं थांबत नाहीत. तिसरा पावसाळा सरतानाचा, डेंग्यूचा, तेव्हा प्लेटलेटची ओढाताण. या तिन्ही काळांत आठाऐवजी बारा जण न्यायचा विचार आहे.

या रक्ताला किती घाई असते, ते बाळंतिणीवरून कळतं. आपलं हृदय मिनिटाला साधारण 70 वेळा ठोके घेतं आणि दर ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. म्हणजे अंगातलं पाचेक लिटर रक्त मिनिटभरात एक फेरी मारून येतं. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भाशयाकडे त्यातलं अर्धा लिटरहून जास्त रक्त दर मिनिटाला जात असतं. वार पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर एका पिशवीएवढं रक्त जायला मिनिट पुरतं. तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘तातडीने ओ पॉझिटिव्ह हवे’ असा मेसेज फिरवून उपयोग नाही. रक्तदाता मिळाला, येऊन पोचला, तपासण्या झाल्या, यात काही तास जातात. तिला वाचवतं ते आधीपासून फ्रीजमध्ये असलेलं रक्त. थॅलेसेमियाच्या, म्हणजे अंगात पुरेसं रक्त न बनणाऱ्या मुलांचं उलट, त्यांची तारीख आधीच ठरलेली असते. दर दोन ते चार आठवड्यांनी पिशवी, जन्मभर. त्यांना शासनाच्या नियमानं रक्त मोफत मिळतं, पण मोफत मिळायलाही ते असावं लागतं.

आता कोण देऊ शकतं. वय 18 ते 65, पण पहिल्यांदाच देणार असाल तर साठीच्या आत. वजन किमान 45 किलो, तेव्हा 350 मिलिलिटर घेतात. 55 च्या वर वजन असेल तर 450 घेता येतं. हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली नको. बीपी वरचं 100 ते 140, खालचं 60 ते 90. बीपीची किंवा शुगरची गोळी चालू असली म्हणून लगेच नाही म्हणू नका. महिनाभरात गोळी बदललेली नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर चालतं. इन्सुलिन घेणाऱ्यांचं चालत नाही. गोंदवून घेतलं असेल, कान-नाक टोचलं असेल तर वर्षभर थांबा. मलेरिया बरा होऊन तीन महिने झालेले हवेत. कावीळ झालेल्यांनी ती कोणती होती ते डॉक्टरांना सांगा. बी आणि सी प्रकारच्या काविळीनंतर रक्त कधीच देता येत नाही. कारखान्याची रात्रपाळी करून थेट येऊ नका, झोप झालेली नसेल तर भोवळ ठरलेली. बागेत औषध मारून तसेच येणाऱ्यांनाही आम्ही परत पाठवू.

रक्त देण्याआधी बोट टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. ते पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. द्राक्षबागायतदारांना मोरचूद नवा नाही, बोर्डोत घालतो तोच. त्याची घनता 1.053 इतकी बेतलेली असते. थेंब पडताच त्याच्याभोवती पातळ पापुद्रा धरतो, क्षणभर तो तिथेच घुटमळतो आणि मग खाली जातो. पंधरा सेकंदांत बुडाला तर हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त. तरंगत राहिला किंवा वर आला तर कमी. इथे एक चूक नेहमी होते. थेंब नीट येत नाही म्हणून बोट पिळतात, रक्तात बोटातलं पाणी मिसळतं, थेंब हलका होतो आणि चांगला धडधाकट माणूस नापास होतो. हात गार असेल तर आधी चोळून गरम करा. पिळायला लागले तर दुसरं बोट पुढे करा, त्यात अपमान कुणाचाच नाही.

सुई टोचल्यापासून पाच-दहा मिनिटांत पिशवी भरते. 350 च्या पिशवीत रक्त गोठू नये म्हणून 49 मिलिलिटर द्रावण आधीच असतं. ते प्रमाण 350 ला बेतलेलं, म्हणून ‘अर्धीच घ्या’ असं म्हणून चालत नाही. अर्धवट भरलेली पिशवी बहुतेक वेळा वाया जाते. धार मंद पडून पंधरा मिनिटं लागली तर त्या रक्तातून प्लेटलेट काढत नाहीत. धार बरी राहावी म्हणून आदल्या दिवसापासून भरपूर पाणी प्या, सुई टोचण्याआधी दोन तांबे पोटात असू द्यात, आणि हातातला चेंडू सावकाश दाबत राहा.

भोवळ येते ती रक्त कमी पडल्यानं येते, हा गैरसमज. अंगातलं दोनतृतीयांश रक्त शिरांमध्ये असतं. 350 मिलिलिटर गेलं की त्या शिरा थोड्या आवळतात आणि भागतं. भीतीनं किंवा झटकन उठल्यानं मात्र एक मज्जातंतू हृदयाचे ठोके मंदावतो, पायाकडच्या वाहिन्या सैल पडतात आणि मेंदूकडे जाणारा दाब घसरतो. घाम, जांभई, कानात गुणगुण सुरू झाली की लगेच आडवं व्हा, पाय वर करा, दोन मिनिटांत माणूस ठीक होतो. उभं धरून पाणी पाजत बसू नका. सुई काढल्यावर कोपर दुमडू नका. हात सरळ ठेवून कापूस पाच मिनिटं दाबा. दुमडल्यानं निळा-काळा डाग पडू शकतो, आणि मग गावभर होतं की सुई चुकली.

प्लाझ्माचं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, तांबड्या पेशी महिना-दीड महिन्यात. वेळ लागतो तो लोहाला. 350 मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण 150 ते 170 मिलिग्रॅम लोह जातं, आणि अन्नातून आपण दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषतो. पुरुषांना 90 आणि बायकांना 120 दिवस थांबायला सांगतात ते यासाठी. तेवढ्यात मटकी, हरभरा, पालेभाज्या, हळीव खा, वर लिंबू पिळा, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

बायका रक्त द्यायला येतात आणि थेंब तरंगला की मान खाली घालून परत जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांत रक्तक्षय आढळला. म्हणून ज्यांचा थेंब तरंगेल त्यांना रिकाम्या हाती परत पाठवायचं नाही, नाव लिहून घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायचं आणि गोळ्या संपल्यावर पुन्हा तपासायचं, असं ठरलं आहे. या कामाला बचत गटातल्या दोघी-तिघी पुढे आल्या तर बरं.

निगेटिव्ह गटवाल्यांनी नाव जरूर द्या, पण उगाच रांगेत येऊ नका. शंभरात पाचेक जण निगेटिव्ह, तुम्हाला बोलावू तेव्हाच या. ‘ओ’ सांगितलेला असूनही ‘ओ’ च्या पिशव्यांशी क्रॉसमॅच (रक्त देण्याआधीची जुळणी-तपासणी) जुळत नाही, असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर ते वहीत नक्की लिहा. 1952 मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधलेला बॉम्बे रक्तगट असाच असतो. साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण त्या माणसाला फक्त त्याच गटाचं रक्त चालतं. त्याच्या भावंडांचीही तपासणी करून घ्यावी.

आणखी दोन गोष्टी. ‘पोराला बापाचंच ताजं रक्त द्या’ असा हट्ट धरू नका. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेणाऱ्याच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, त्या तिथे टिकतात आणि उलट त्याच्यावरच हल्ला करतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुधा जिवावर बेततं. दुसरं, आम्ही हेल्मेट, डबा, भिंतीवरचं घड्याळ काही देणार नाही. एचआयव्ही, बी आणि सी कावीळ, गुप्तरोग, मलेरिया अशा पाच तपासण्या प्रत्येक पिशवीच्या होतात, पण लागण नुकतीच झाली असेल तर सुरुवातीचे काही दिवस ती तपासणीत सापडत नाही. त्या दिवसांत रुग्णाला वाचवतो तो फॉर्ममध्ये खरं लिहिणारा रक्तदाताच. वस्तूच्या आशेनं आलेला माणूस खरं लिहीलच असं नाही. रक्तदानानं हार्ट ॲटॅक टळतो असंही आमच्या फलकावर नसेल, कारण त्याला खात्रीचा पुरावा नाही.

आता मागणी. आठवड्याला आठ म्हणजे वर्षाला 416 पिशव्या. माणशी दोनदा धरलं तर 208 नावं, लग्नसराई, आजारपण आणि पिकाची घाई धरून 260 हवीत. नाव देताना आपले दोन महिने सांगा, मध्ये किमान चार महिन्यांचं अंतर ठेवून. एप्रिल-मे घेणारा आम्हाला सोन्यासारखा. पाच-सहा तगडी माणसं प्लेटलेटच्या यंत्रावर (ते फक्त प्लेटलेट काढून घेऊन बाकीचं रक्त परत अंगात सोडतं) बसायला हवीत, तास-दीड तास लागतो आणि एकाच्याच प्लेटलेटनं एका रुग्णाचा डोस भरतो. वडापच्या जीपवाल्यांनी महिन्यातून एक खेप बिनभाड्याची करावी, डिझेल मंडळ देईल. किराणा दुकानदारांनी बिस्किटं, साखर, लिंबं द्यावीत. रोख पैसे आम्ही घेत नाही. कुणाला द्यायचेच असतील त्यांनी पंपावर डिझेल भरून पावती वहीत चिकटवावी.

वह्या दूध संस्थेच्या काउंटरवर, तालमीत आणि ग्रामपंचायतीत ठेवल्या आहेत. नाव, वय, गट माहीत असल्यास गट, आणि आधी रक्त दिल्याची तारीख लिहा. पहिली जीप येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेआठला तासगाव स्टँडजवळून निघेल. भाकरी खाऊन या. उपवास असेल तर गुरुवारच्या खेपेला नाव लावा.

आपलं,
रक्तदान मंडळ