वाऱ्याची नोकरी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो टोमॅटोंपायी, आणि तू विचारलंयसही टोमॅटोंबद्दलच, तेव्हा रागावू नकोस. "ग्रीनहाऊस बांधू, की बागेतच लावू?" एवढाच तुझा प्रश्न. उत्तर एका ओळीचं आहे, पण नुसती ओळ लिहिली तर तू ऐकणार नाहीस हे मला शाळेपासून ठाऊक आहे. म्हणून सगळी हकिगत सांगतो.

या वेळी मी एकाच पाकिटातल्या बियांची बारा रोपं केली. सहा माझ्या ग्रीनहाऊसच्या आत लावली, सहा बाहेरच्या वाफ्यात. माती तीच, शेणखत तेच, पाणी घालणारा मीच. लावताना खालची पानं काढून खोड चांगलं वीतभर खोल गाडलं. टोमॅटोच्या खोडाला मातीत गेलं की तिथूनच मुळं फुटतात, त्यामुळे लांबुळकी, मान टाकलेली रोपंसुद्धा सावरतात. आतलीच बाजी मारणार अशी माझी खात्री होती. दीड महिना दिसलंही तसंच. आतली कमरेच्या वर गेली तेव्हा बाहेरची गुडघ्याशी घुटमळत होती. येईल त्याला मी आत नेऊन दाखवायचो.

मग फुलं आली आणि गळायला लागली. फुलाच्या देठावर मधोमध एक गाठ असते बघ, बरोबर तिथून तुटून खाली. रोज सकाळी पिवळा सडा. बाहेरच्या बुटक्यांवर मात्र गोट्यांएवढी हिरवी फळं धरलेली! खत कमी पडलं म्हणून आणखी घातलं. त्याने पानं तेवढी काळपट हिरवी आणि जाडजूड झाली.

शेवटी एक फूल तोडून नीट पाहिलं. टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग एकत्रच असतात, दुसऱ्या झाडाची गरजच नाही. पण पराग असतात ते मधल्या पिवळ्या सुळक्याच्या आत कोंडलेले. हादरा बसला तर टोकाकडून बाहेर सांडतात, नाहीतर आतच राहतात. बागेत हा हादरा वारा देतो. काही भुंगे तर फुलाला लटकून अंग असं थरथरवतात की पराग त्यांच्या पोटावर पडतात. मधमाशीला ही थरथर जमत नाही, शिवाय या फुलात मध नसल्याने ती सहसा ढुंकूनही बघत नाही. मोठ्या ग्रीनहाऊसवाल्यांची माणसं पूर्वी थरथरणारी कांडी घेऊन फुलाफुलाला लावत फिरायची; १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे बंबलबी नावाच्या केसाळ भुंग्यांच्या पेट्या ठेवू लागले.

माझ्याकडे कांडी नाही आणि भुंगेही नाहीत. होता तो बॅटरीवरचा जुना टूथब्रश. ऊन वर आल्यावर, हवा कोरडी असताना, त्याची पाठ फुलाच्या देठाला टेकवायची. पहिल्या दिवशी खाली काळा कागद धरला होता. घुर्र झालं आणि कागदावर पिठीसारखी फिकट धूळ पडली. मी ओरडलो ते ऐकून बायको धावत आली, तिला वाटलं साप निघाला. आठवडाभरात फुलांच्या मागे हिरवे मणी दिसायला लागले.

तेव्हा लक्षात आलं की ग्रीनहाऊस बांधलं त्या दिवशी मी वारा, पाऊस आणि भुंगे या तिघांना कामावरून काढलं होतं, आणि त्यांच्या जागी दुसरं कुणी ठेवलं नव्हतं. ती नोकरी माझीच होती.

नोकरी म्हणजे पूर्णवेळ हो. एकदा सकाळी दार उघडायचं राहिलं. दुपारी आत पाऊल टाकलं तर चष्म्यावर वाफ, आणि थर्मामीटर ४१ अंशांवर. तापमान ३५ च्या वर जायला लागलं की पराग निकामी होऊ लागतात, मग टूथब्रश फिरवून काय उपयोग? ३० च्या वर राहिलं तर लाल रंगद्रव्यही नीट बनत नाही आणि फळ नारिंगी-पिवळट राहतं. मला वाटायचं जितकं ऊन तितकी लाली. उलटंच निघालं. आता वरची झडप आणि दार दोन्ही उघडी ठेवतो, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते.

पाण्याचंही तसंच. चार दिवस बाहेरगावी गेलो, आल्यावर माती भेगाळलेली, म्हणून घाबरून पाणी तुंबेपर्यंत ओतलं. दोन फळं तडकली. आणि पुढे एक छान दिसणारं फळ उलटून पाहिलं तर बुडाला काळा डाग, रुपयाएवढा, चामड्यासारखा. मी रोग समजून फवारणीच्या तयारीत होतो. रोग नाहीच तो. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचलं नाही की असं होतं. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, आणि त्यातलं बहुतेक पानं ओढून घेतात. पाणी कधी कोरडं, कधी पूर असं झालं की फळाचं बूड उपाशी राहतं. कुणीतरी सांगितलं म्हणून अंड्याची टरफलं कुटून घातली होती. ती अजून मातीत तशीच पांढरी शुभ्र दिसताहेत. उपयोग झाला तो रोजच्या बेताच्या पाण्याचा आणि बुडाशी पसरलेल्या वाळल्या गवताचा.

पांढऱ्या माशीबद्दल फार लिहीत नाही. पान हलवलं की पीठ उडाल्यासारखी उडते. पिवळे चिकट सापळे लाव आणि धीर धर.

आता तुला वाटेल बाहेरचीच जिंकली. नाही रे. सलग तीन दिवस पाऊस लागला आणि बाहेरच्या पानांवर तेलकट डाग आले, मग ते तपकिरी झाले, मग खोडही काळवंडलं. करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाटा नासवून ज्याने दुष्काळ पाडला, तोच हा. बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले. त्याला ओलं पान लागतं. सहापैकी चार रोपं मला उपटावी लागली, भरल्या फळांसकट. आतली मात्र कोरडी ठणठणीत उभी होती.

म्हणून माझं उत्तर: ग्रीनहाऊस बांधू नकोस. तू महिन्यातले दहा दिवस घराबाहेर असतोस, दार कोण उघडणार? वाफ्यावर नुसतं पारदर्शक छप्पर घाल, चारी बाजू मोकळ्या. पाऊस पानांवर पडणार नाही, आणि वारा नि भुंगे आपापलं काम करत राहतील. पुढच्या वेळी मीही तेच करणार आहे. ग्रीनहाऊस फक्त रोपं करायला ठेवीन.

वाढत जाणारी जात असेल तर बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे कोंब, बोटभर असतानाच खुडत जा. झुडपी जात असेल तर मुळीच खुडू नकोस, फळंच कमी होतील. खुडलेली एखादी फूट पाण्यात ठेवून बघ, तिला मुळं येतात. आणि हात लगेच धुऊ नकोस. बोटं हिरवी-काळी होतात, वास संध्याकाळपर्यंत जात नाही, आणि धुताना पाणी पिवळं निघतं. मला ते फार आवडतं.

सोबत बी पाठवतोय. या बारा रोपांचं नाही. ती संकरित होती, त्यांच्या बियांतून तेच फळ येईल याचा भरवसा नाही. हे माझ्या जुन्या सरळ जातीचं आहे. गर तीन दिवस आंबवून, धुऊन, कागदावर वाळवलंय. ते कागदाला घट्ट चिकटून बसलंय, सोडवत बसू नकोस. कागदाचे तुकडे कर आणि कागदासकटच पेर, सेंटीमीटरभर मातीखाली.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
टोमॅटोवाला