तो फोटो आता पुन्हा छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या शहर पुरवणीत 'झगमगाटातून अंधारात' असा मथळा देऊन आमच्या गल्लीतल्या एका मुलीचा जुना फोटो चार कॉलमांत छापून आला. नाव दिले नाही, ही मेहेरबानी. पण एवढा फोटो छापल्यावर नाव लागते कशाला? नागपूरच्या महाल भागात माझा फोटो स्टुडिओ आहे, ३१ वर्षे झाली. लग्न, मुंज, पासपोर्ट. आधी रोलवर, आता कार्डवर. या पोरीचा बालवाडीच्या ओळखपत्राचा फोटो मीच काढला होता. फ्लॅश पडला की डोळे मिटायची. रोलचा जमाना, चार फ्रेम वाया गेल्या आणि तिच्या आईने एकाचेच पैसे दिले.

मूळ फोटोची गोष्ट तुमच्या बातमीत अर्धीच आहे. तीन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ती इतवारीत मामाच्या बाल्कनीत उभी होती. खाली मारबत-बडग्यांच्या पुतळ्यांची मिरवणूक, गुलाल, 'घेऊन जा गे मारबत'चा गजर. कोणीतरी मिरवणुकीवरचा मोबाइल वर वळवला. धुतलेले केस पाठीवर मोकळे, तोंडावर हात, आणि बोटांच्या फटीतून हसू. धंद्याच्या नजरेने सांगतो, फोटो काही फार चांगला नव्हता. डावीकडे विजेच्या तारा आणि फोकस तिच्यावर कमी, मागच्या दारावर जास्त. पण तसले हसू आणायला मी गिऱ्हाइकांना ३१ वर्षे 'जरा हसा' म्हणतो आहे आणि ते येत नाही. रात्रीपर्यंत तो फोटो माझ्याच मोबाइलवर पाच जणांकडून आला. मीही तो दोन ग्रुपवर टाकला, 'आपल्या नागपूरची पोरगी' असे लिहून.

महिन्याभरात बर्डीवर एका साडीच्या दुकानाच्या होर्डिंगवर ती झळकली. मग मुंबईहून मॉडेलिंगची कामे मिळवून देणारा कोऑर्डिनेटर आला. पोर्टफोलिओचे म्हणून ८५ हजार घेतले. वडिलांनी ते पतसंस्थेतून उचलले. करार अकरा पानांचा, सगळा इंग्रजीत. तो कागद घेऊन वडील माझ्याकडे आले होते, पण झेरॉक्स काढायला. वाचून दाखवा म्हणाले नाहीत आणि मीही वाचला नाही. अकरा पानांचे बावीस रुपये घेतले. तीन वर्षे दुसऱ्या कोणाचे काम करायचे नाही, हे नवव्या पानावर होते म्हणे.

पुढचे मी तिच्या आईकडून तुकड्या-तुकड्याने ऐकले. 'पोट्टी दोन टाइम काकडी खाऊन राहून राहिली भाऊ, काही बोलायची सोय नाही.' फोनवर आवाज बारीक व्हायला लागला. मग कोण्या हरामखोराने तिचा चेहरा भलत्याच अंगावर चिकटवून व्हिडिओ फिरवला. बाल्कनीतला फोटो ज्या ग्रुपांवर फिरला होता, त्याच ग्रुपांवर हाही आला. वर्षभरापूर्वी ती विदर्भ एक्सप्रेसने मुंबईहून घरी परतली. आता बोलते कमी. तुमच्या वार्ताहराने याला 'अपयश' म्हटले आहे.

मॉडेलिंगच्या धंद्यात असे पहिल्यांदा घडलेले नाही. नफिसा जोसेफ १९९७ ची मिस इंडिया, टीव्हीवर तेव्हा घरोघरी दिसायची. २००४ मध्ये तिने जीव दिला, वय २६. कझाकस्तानची रुसलाना कोर्शुनोव्हा अल्माटी शहरावरच्या एका मासिकातल्या लेखातल्या फोटोवरून एजन्सीच्या नजरेस पडली होती. एका फोटोवरूनच! २००८ मध्ये न्यूयॉर्कला वारली, तेव्हा एकविसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. आणि २०२५ च्या प्रयागराजच्या कुंभात माळा विकणारी मध्य प्रदेशातली ती मुलगी तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच पाहिली. डोळे सुंदर म्हणून लोक एवढे मागे लागले की माळा विकणे राहिले बाजूला आणि पोरीला गावी परतावे लागले. सेल्फी काढणाऱ्यांपैकी किती जणांनी माळ घेतली असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

कायदा म्हणाल तर १४ वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी २०१७ पासून नियम आहेत. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे बँकेत ठेव म्हणून. आमची पोरगी १९ वर्षांची होती, तिला कोण विचारतो? फ्रान्समध्ये तर जाहिरातीतल्या मॉडेलची अंगकाठी कॉम्प्युटरवर बदलली असेल तर फोटोवर तसे लिहावे लागते, हेही २०१७ पासूनच. मी स्वतः रोज लोकांचे डाग पुसतो, गोरे करतो, वऱ्हाड्यांची पोटे आत घेतो. ते लिहायचे म्हटले तर अल्बममध्ये फोटोला जागा उरणार नाही.

पण एक गोष्ट तिला सांगताना मलाच कसेतरी झाले. १९५७ चा कॉपीराइट कायदा असा की, पैसे देऊन कोणी स्वतःचा फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार नसला, तर तो फोटो त्या माणसाचा. म्हणजे माझ्या स्टुडिओत ५० रुपये देऊन काढलेला पासपोर्ट फोटो तिचा. आणि जो सगळीकडे गेला, ज्याच्यावर होर्डिंग लागले, तो? तो मोबाइलवाल्याचा.

हे बोलणे डिसेंबरात झाले. नागपुरात मे महिन्यात सगळ्याच पोरी तोंडाला ओढणी गुंडाळून गाडी चालवतात, त्यात काही नवल नाही. ही डिसेंबरात गुंडाळून आली, डोळे तेवढे उघडे. कॉलेजच्या फॉर्मला फोटो हवा होता. स्टुलावर बसली, ओढणी सोडली. मी सवयीने 'जरा हसा' म्हणणार होतो, म्हणालो नाही. या वेळी डोळे मिटले नाहीत. आठ कॉप्या काढल्या. तिने चार घेतल्या, चार तिथेच फाडून पर्समध्ये टाकल्या. मग म्हणाली, 'काका, आता हा कॉम्प्युटरमधून काढून टाका ना जी, माझ्यासमोर.' काढला. तिने रिसायकल बिनही उघडून पाहायला लावले. ३१ वर्षांत असे सांगणारे गिऱ्हाईक पहिलेच.

आणि पंधरा दिवस होत नाहीत तोच तुमची पुरवणी. त्यात तिच्या वजनाचा आकडा आहे, वडिलांच्या कर्जाचा आकडा आहे. कोऑर्डिनेटरबद्दल मात्र अवाक्षर नाही. ज्यांच्या घरात अशी खचलेली मुले-मुली आहेत, त्यांच्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर एका ओळीत देता आला असता. जागा नसेल कदाचित, फोटोला चार कॉलम लागले.

माफीनामा वगैरे छापू नका, त्याच्यासोबत पुन्हा तोच फोटो लावाल. तुमच्या ई-पेपरवर अजून तो दिसतो आहे, तेवढा उतरवा. मी माझ्या दोन ग्रुपांवर तीन वर्षे मागे जाऊन तो शोधला. एका ठिकाणी अ‍ॅडमिनने काढून टाकला. दुसऱ्या ठिकाणी 'जुनी गोष्ट आहे, सोडा ना भाऊ' म्हणून उत्तर आले.

माझे नाव-पत्ता पाकिटावर आहे. तो छापू नये. नावावरून स्टुडिओ कळेल, स्टुडिओवरून गल्ली, आणि गल्लीत तिचे घर तिसरे आहे.

— एक फोटोग्राफर, महाल, नागपूर