बँडवाल्या नानांना

नाना, सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम चारचौघांत लिहितेय. मुलांच्या त्या कराओकेच्या कार्यक्रमात निवेदिकेने माझ्या लेकीला विचारलं, "गाणं कोणाकडे शिकलीस?" ती लगेच म्हणाली, "बँडवाल्या नानांकडे!" शूटिंगला मी समोरच बसले होते. टीव्हीवर भाग लागला तेव्हा नेमकं तेवढंच कापलेलं. पोरगी त्या रात्री जेवली नाही. तिथे राहिलं ते इथे लिहिते. तुमचं नाव छापू नको म्हणालात, म्हणून नुसतं नाना. पारोळ्यात तेवढं पुरतं.

तुम्ही तिला पहिल्यांदा ऐकलं ते श्रावणात, आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाच्या वेळी. रात्री जागराला ती आजीच्या मांडीला टेकून बायकांबरोबर गाणी म्हणत होती. सोमवारी विसर्जनाच्या मिरवणुकीत तुम्ही कॅसिओ दुसऱ्याच्या हाती देऊन माझ्याजवळ आलात आणि म्हणालात, "हाई पोर सुरमा गास." ती सुरात गाते हे आम्हाला कळलंच नव्हतं, नुसती मोठ्याने गाते एवढंच माहीत होतं.

मी दहावीत असताना, २००८-०९ साली, झी मराठीवर लिटिल चॅम्प्स लागायचं. आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा आमच्या गल्लीत फटाके फुटले होते. पण त्या मुलांच्या मागे वादक बसलेले असत. इथे कराओकेत मागे कोणीच नाही, फक्त आधी भरून ठेवलेल्या संगीताचा ट्रॅक. त्यात खेळ असा की दोन ओळी पडद्यावर दिसतात, मग शब्द गायब होतात आणि मुलाने पुढचं बरोबर म्हणायचं. मोबाईलवर सराव करताना ती दर अंतऱ्याला मागे पडायची. मी तिलाच रागवायचे. तुम्ही एकदा ऐकलंत आणि ब्लूटूथचा स्पीकर बंद करून वायर लावलीत. ब्लूटूथवर आवाज थोडा उशिरा येतो, पोरीची चूक नाही, हे तुम्ही मला समजावलंत. त्या रागावण्याबद्दल मी तिची माफी मागितली, नाना.

मग ती पट्टी, म्हणजे गाणं कोणत्या सुरावरून धरायचं ते. यूट्यूबवरचा ट्रॅक पुरुषाच्या आवाजाचा होता, वरच्या सुरांना तिच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या. तुम्ही कॅसिओवर एकेक सूर सरकवत तिची जागा शोधलीत: काळी चार. तिने वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवलंय. पुढे मुंबईत सेटवरच्या माणसाने मला पट्टी विचारली, तर मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगितलं.

आणि मोबाईलच्या पडद्यावर ठेवलेला तुमचा पंजा! शब्दाचा रंग बदलला की गायला लागायचं, अशी तिची सवय. तुमचं म्हणणं, रंग बदललेला दिसला म्हणजे उशीर झालाच, श्वास त्याच्या आधी घ्यायचा. तुम्ही पडदा झाकायचात, ती बोटांच्या फटीतून बघायची, तुम्ही फट मिटायचात. "बाजा तुनासाठे थांबस, टेप थांबत नही," हे वाक्य आता घरात आम्ही सगळेच बोलतो.

ऑडिशनला स्वतःचा ट्रॅक आणायचा होता आणि तारीख आली ऐन मे महिन्यात. त्या दिवशी धरणगावच्या लग्नाची सुपारी तुम्ही आधीच घेतलेली. सोबत या म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आदल्या रात्री तुम्ही वरात वाजवून एक वाजता आलात, अंगावर बँडचा लाल कोट तसाच, आणि ओट्यावर बसून अख्खं गाणं तिच्या पट्टीत वाजवून मोबाईलमध्ये भरून दिलंत. एक पैसा घेतला नाहीत. चहासुद्धा निम्मा राहिला.

नंतर मी एक गोष्ट वाचली, ती तुम्हाला सांगायचीच होती. कराओकेचं यंत्र बनवणाऱ्यांत जपानच्या कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांचं नाव घेतात. तेही तुमच्यासारखे साथ करणारे वादक. एका गिऱ्हाईकाला गावाला जाताना त्यांची साथ हवी होती, यांना जाता येईना, म्हणून त्यांनी वाजवून टेप दिली. त्यातून १९७१ साली यंत्र झालं. त्यांनी पेटंटही घेतलं नाही. कराओके म्हणजे रिकामा वाद्यवृंद म्हणे. मला हे पटत नाही. तुमच्या ट्रॅकमध्ये सुरुवातीला तुमचा खोकला आहे, मग "घाबरू नको, मी शे ना," आणि मग चार ठोके. तिने ते काढू दिलं नाही. ऑडिशनला परीक्षकांनीही ते ऐकलं.

ती जिंकली नाही. दुसऱ्या फेरीत एक शब्द चुकला, पण गाणं सोडलं नाही, ठोक्यावर परत आली आणि शेवटपर्यंत गायली. जळगावला परतताना गाडीत मला म्हणाली, "नानांना सांग, मी थांबले नाही."

सांगितलं, नाना. तुमचे उपकार मी कशानेही फेडू शकत नाही. यंदा कानबाईच्या जागराला कॅसिओ घेऊन घरी या. लांब वायर मी आणून ठेवली आहे.

तुमची,
पोरीची आई