फुकटचे तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वैमानिक होण्याच्या वाटेवरचा लेख वाचला. लेखकाचा अभ्यास दांडगा आहे, फक्त तो अमेरिकेचा आहे. प्रशिक्षक व्हा, पगार घ्या, उड्डाणाचे तास फुकटात वाढवा, 1500 भरले की एअरलाइन. हे तिकडं खरं आहे. 2009 साली बफेलोजवळ विमान पडलं, त्यावरून कायदा झाला आणि 2013 पासून तिथं को-पायलटच्या खुर्चीत बसायलाही साधारणपणे 1500 तास लागतात. म्हणून तिकडची पोरं मधली वर्षं शिकवण्यात काढतात. आपल्याकडं डीजीसीएचं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचं, कमर्शियल लायसन 200 तासांवर मिळतं आणि एअरलाइनला तेवढं चालतं. वर ए-320 किंवा बोइंग 737 चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका जातीचं विमान उडवायचा वेगळा परवाना, लागतं. 1500 तास इथं लागतात ते एटीपीएल या वरच्या लायसनला, म्हणजे पुढं कॅप्टन व्हायचं तेव्हा. एवढं तरी कुणाला विचारून छापायचं होतं.

इथं शिकवायला येतो तो एक तर हौसेनं, नाही तर टाइप रेटिंगला पैसे नाहीत म्हणून. मी दुसऱ्यातला. लायसन हाती येईपर्यंत 50 लाखांच्या आसपास खर्च झाला, त्यात वडिलांचं वावर बँकेकडं गेलं. पुढच्या लाखांसाठी गहाण टाकायला घरात काही उरलं नव्हतं. मग असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग केलं. त्यालाही पैसे लागतात, हे आपल्या लेखात नाही. वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. गावात पारावर म्हणतात, मास्तराचं पोरगं मास्तरच झालं, आभाळात झालं एवढंच. माझं त्यावर काही म्हणणं नाही. शिकवणं वाईट नाही.

पण ‘फुकट’? पहाटे अंधारात विमानाभोवती टॉर्च घेऊन फिरायचं, टाक्यांतून इंधन काढून त्यात पाणी उतरलंय का बघायचं. डावीकडं विद्यार्थी, उजवीकडं मी. एप्रिलमध्ये दहा वाजले की धावपट्टी तापते, हवा पातळ होते आणि दोन माणसं घेऊन सेसना 152, आमचं शिकवायचं छोटं दोन सीटचं विमान, वर चढायचं नावच घेत नाही. त्यात विद्यार्थी जमिनीजवळ येऊन नाक उचलायचं विसरतो. अशा वेळी कंट्रोल हातात घ्यायला किती वेळ थांबायचं, हा सगळा हिशेब. लवकर घेतलं तर तो शिकत नाही, उशिरा घेतलं तर पुढचं चाक जातं. त्यानंतर ब्रीफिंग, रजिस्टर, ग्राउंड क्लास. याचे पैसे वेगळे नाहीत. मूळ पगार नावापुरता, बाकी तासावर. पावसाळ्यात ढग खाली आले की उड्डाण बंद आणि तासाचे पैसेही बंद. विमान तपासणीला उभं राहिलं, सुटा भाग यायला महिना लागला, तरी तेच. खोलीचं भाडं मात्र ढग बघत नाही.

हेही चाललं असतं. खरी गंमत पुढं आहे. शिकवलेला तास आम्ही पीआयसी म्हणून, म्हणजे विमान आपल्या जबाबदारीवर उडवलं म्हणून, लॉगबुकात लिहितो, पण तो मोजला जातो संस्थेच्या मुख्य प्रशिक्षकाची सही झाल्यावर. मी ज्या संस्थेत होतो (नाव लिहीत नाही, जिल्हाही लिहीत नाही), तिथं पगार थकायला लागला तसा मी राजीनामा दिला. रीतसर दिला, नोटीसचा काळ भरला. शेवटच्या दिवशी लॉगबुक सहीला ठेवलं. ‘साहेब बाहेरगावी आहेत.’ पुढच्या आठवड्यात साहेब आले, तर कळलं की मी बाँड मोडलाय. कसला बाँड? रुजू होताना सह्या घेतलेल्या कागदांत एक कागद होता म्हणे, त्याची प्रत मला कधी दिली नाही. पैसे भरा, सही घ्या. म्हणजे थकलेला पगार त्यांच्याकडं, माझे तास त्यांच्याकडं आणि वरून देणं माझ्याकडं. वडील धोतर-टोपीत माझ्यासोबत आले होते. ऑफिसातल्या पोराला हात जोडून म्हणाले, ‘लेकरानं उडवलंय तेवढंच लिहून द्या, जास्तीचं नको.’ त्या पोराची मान खालीच. त्याचाही पगार थकलेला होता.

आपल्या लेखकाला माझी नम्र विनंती, त्यांनी हा तास कुठल्या बाजारभावानं मोजायचा ते सांगावं.

आणि सही मिळाली तरी काय? एअरलाइनच्या लेखी परीक्षेला बसलो तेव्हा शेजारी मीच सर्किट-लँडिंग, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून उतरणं, शिकवलेला पोरगा होता. त्याच्याकडं टाइप रेटिंग होतं. दोघांना पेपर एकच. तो लागला, त्याचा आनंदच आहे, पेढेही खाल्ले. सिंगल इंजिनवरचे माझे तास कुणी विचारले नाहीत.

एक लेखाबाहेरचं. त्याच पानाच्या तळाशी वैमानिक घडवणाऱ्या अकादमीची पाव पान जाहिरात होती, हा योगायोग समजतो. लातूर पॅटर्नमधून डॉक्टर-इंजिनिअर घडवून झाले, आता बारावीला गणित-भौतिकशास्त्र असलेलं प्रत्येक लेकरू पायलट करायला क्लासवाले निघालेत, तेव्हा जाहिराती वाढणारच. लेखासोबतचा फोटो मात्र प्रशिक्षकाचा म्हणून जम्बो जेटच्या कॉकपिटचा छापलात. चार थ्रॉटलच्या विमानात बसवून कोण शिकवतं हो? आणि लातूरहून प्रवासी विमान लवकरच, ही बातमी दर निवडणुकीआधी येते ती यंदाही पान तीनवर आली, तिचंही एकदा पुढं काय झालं ते छापा.

पुढचा लेख लिहिण्याआधी आपल्या वार्ताहराला एखाद्या संस्थेत पाठवा. तिथल्या प्रशिक्षकांना तीनच गोष्टी विचारायला सांगा: मूळ पगार किती, जुलैत किती मिळाले, आणि सोडून गेलेल्यांची लॉगबुकं कुणाच्या कपाटात आहेत. उत्तरं मालकासमोर मिळणार नाहीत, बाहेर चहाच्या टपरीवर मिळतील.

पत्र काटछाट न करता छापावं. नाव छापू नये, कारण उघड आहे.

आपला,
एक वाचक, अहमदपूर, जि. लातूर