पायथन सोपं आहे, ढिलं नाही

संपादक साहेब,

बारावीचा निकाल लागला की करिअर पुरवण्यांमधे एक वाक्य हमखास असतं, पायथन शिका, त्यात डेटा टाइपची कटकट नाही (पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि डेटा टाइप म्हणजे माहिती आकडा आहे की मजकूर वगैरे, तो प्रकार). मी ऐरोलीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि नवीन लागलेली पोरं हेच डोक्यात घेऊन येतात म्हणून लिहितोय.

व्हेरिएबलचा (माहिती ज्या नावाखाली ठेवतो त्याचा) टाइप आधी लिहावा लागत नाही, एवढंच खरंय. पण अवतरणातला '५' म्हणजे स्ट्रिंग (नुसता मजकूर), त्यात ३ हा आकडा मिळवायला गेलात तर पायथन सरळ टाइप एरर देतं. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत तेच करा, उत्तर येतं ५३, आणि वजाबाकी केली तर २! बेरजेला नुसतं चिकटवलं, वजाबाकीला आकडा मानला आणि तक्रार काहीच नाही. दोघांनाही टाइप आधी सांगावा लागत नाही तरी एक कडक नि एक लवचिक. उलट सी भाषेत सगळे टाइप आधी डिक्लेअर करायचे, आणि इंटमधे (पूर्णांकाच्या टाइपमधे) ३.७ टाकले तर गुपचूप ३ उरतात. पायथनची खरी अडचण वेगळीच आहे, प्रोग्रॅम त्या ओळीवर पोचेपर्यंत एरर कळतच नाही, जावा भाषेचा कंपायलर (प्रोग्रॅम चालायच्या आधी त्याचं भाषांतर करणारा) अशा बऱ्याच चुका आधीच धरतो.

लवचिकपणा काय करतो ते बघायला प्रोग्रॅमिंग यायलाच पाहिजे असं नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. एक्सेलमधे फ्लॅट नंबर ३/१२ टाकला की तारीख होते, आपल्या मुंबईच्या ०२२ या फोन कोडचं २२ होतं, आणि सोळा आकडी खाते नंबर टाकला तर शेवटच्या आकड्याचा शून्य होतो (हा सगळ्यात वाईट, कारण लक्षातच येत नाही). मार्च१, सेप्ट१ अशा नावांच्या जनुकांच्या तर इतक्या तारखा झाल्या की २०२० मधे जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली, मार्च१ चं मार्चएफ१ केलं!

छोट्या कामाला टाइप लिहीत बसू नये हे मलाही पटतं, मी स्वतः नाही लिहीत. पण कोड वाढला, दहा जणांचे हात लागले की ते लागतंच, म्हणून तर २०१२ मधे टाइपस्क्रिप्ट (टाइप लिहिता येणारी जावास्क्रिप्ट) आली आणि २०१५ च्या ३.५ व्हर्जनपासून पायथनमधेही टाइप हिंट (टाइप काय ते सांगणाऱ्या खुणा) लिहिता येतात. तेव्हा पुढच्या पुरवणीत ते कटकटीचं वाक्य काढा आणि जमलं तर त्या '५' आणि ३ च्या बेरजेचं उदाहरण छापा, पोरं घरी करून बघतील.

एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई