वरनं काय येतंय ते आधी सांगा, वाट्याचं नंतर बघू

संपादक साहेब, नमस्कार.

नदीवरून दोन शेजाऱ्यांचं वाजलं की आपल्या पेपरात मोठी बातमी येते, कोणाला किती पाणी, कोण अडवतंय, कोणाच्या मंत्र्याने कोणाला काय सुनावलं. वाचतो मी सगळं. पण माझं आयुष्य नदीच्या खालच्या अंगाला गेलंय, आणि आम्ही पुलाच्या खांबावरची आकड्यांची पट्टी बघून झोपायचं का जागायचं ते ठरवणारी माणसं, आम्हाला वाट्याच्या आधी एकच गोष्ट कळायला हवी असते की वरनं काय येतंय आणि किती वाजता पोचणार. त्यावर कोणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र.

ऱ्हाईन नदीचं घ्या. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमधे बासेलजवळ सॅन्डोझ कंपनीच्या केमिकलच्या गोडाऊनला आग लागली, बंबवाल्यांनी पाणी मारून विझवली आणि तेच पाणी कीटकनाशकं, पारा, रंग असं सगळं घेऊन सरळ नदीत. नदी लालभडक. खाली शेकडो किलोमीटर वाम मासे मरून पडले, दीड लाखाच्या आसपास म्हणतात. आता या नदीसाठी पाच देशांचं कमिशन १९५० पासून होतं बरं का, म्हणजे ३६ वर्षं मीटिंगा चालू होत्या, तरी खालच्यांना खबर उशिराच गेली!

त्यानंतर मात्र सगळे खडबडून जागे झाले. १९८७ ला ठरलं की २००० सालापर्यंत साल्मन मासा नदीत परत आणायचा. मला हे फार आवडलं, कारण हा मासा समुद्रातून वर चढत येतो, वाटेत एकाने जरी घाण सोडली किंवा बंधाऱ्याला माशाची वाट ठेवली नाही तर तो पुढे येतच नाही, रिपोर्टात काहीही रंगवा. साल्मन परत आला. सगळीकडे अजून पोचत नाही, वरच्या भागात बंधारे आडवे आहेत, पण आला.

आणि वेळेवर सांगितलं तर काय होतं तेही बघा. जानेवारी २००० च्या शेवटी रोमानियात बाया मारेला सोन्याच्या खाणीचा बांध फुटला, सायनाइडचं पाणी टिसा नदीतून हंगेरीत घुसलं. मासे टनावारी मेले, ते काही वाचले नाहीत. पण टिसा पुढे ज्या डॅन्यूब नदीला मिळते तिच्या खोऱ्यातल्या देशांनी इशाऱ्याची सिस्टिम आधीच बसवलेली होती, त्यामुळे खालच्या गावांना नदीतून पाणी उचलणं वेळेत बंद करता आलं.

वरचा लगेच विचारतो, यात आमचा काय फायदा? रास्त आहे प्रश्न. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ ला मिळून संस्था काढली, मनांतालीचं धरण मालीच्या हद्दीत पण मालकी सामाईक, वीज मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३, मॉरिटानियाला १५. १९८९ ला सेनेगल आणि मॉरिटानियात लढाई व्हायची वेळ आली होती तरी संस्था मोडली नाही. एकदा धरणच सगळ्यांचं झालं की दार कधी उघडणार हे लपवून कोणाला काय मिळणार?

नाहीतर धरणातून किती पाणी सोडताय ते आकडे मागितले की "संवेदनशील माहिती आहे" म्हणतात. अहो, पाणी आठ-दहा तासांनी आमच्या दारात येणारच आहे, तेव्हा ते गुपित आपोआप फुटतंच की.

तर विनंती एवढीच, नदीच्या वादाची बातमी छापाल तेव्हा सोबत एक चौकट द्या, वरच्याने पाणी सोडल्याचं खालच्याला कधी कळवलं आणि पाणी कधी पोचलं. या दोनच वेळा छापा, बस. मंत्र्यांचा फोटो थोडा बारीक करा, जागा होईल.

आपला,
खालच्या अंगाचा एक वाचक